टाच, कुरूप, भेगा : नाशकात पाय नेमका कुणाला दाखवायचा?

गोदाकाठची_मुलगी
आईसाठी विचारतेय. वय ६७, साखर बरीच वर्षं आहे, गोळ्या चालू आहेत. पायाची दोन दुखणी एकदम निघालीत.

डावी टाच : सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं भिंत धरून टाकते. थोडं फिरलं की बरं वाटतं, दुपारी जरा टेकून उठलं की पुन्हा तेच. एक्स-रेत "हाड वाढलंय" असं निघालं. पेनकिलर आणि "वजन कमी करा" यावर आमची बोळवण झाली.

उजवा पाय : करंगळीच्या खाली, चवड्यावर कुरूप झालंय. मेडिकलवाला म्हणतो कॉर्न कॅप लावा, शेजारच्या काकू म्हणतात बिब्बा घाला.

भाऊ पुण्याहून फोनवर सांगतोय की पोडियाट्रिस्ट नावाचा पायांचा वेगळा डॉक्टर असतो, त्याच्याकडे ने. नाशकात असं कुणी आहे का? की हाडांचा, कातडीचा आणि साखरेचा अशी तीन दारं झिजवायची? घाई एवढ्यासाठी की आईला यंदा निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून निदान सिन्नरपर्यंत चालायचंय, आणि ती ऐकणाऱ्यातली नाही.

पंचवटीकर
ताई, टाचेसाठी एक्स-रे वगैरे कशाला? वीट चांगली तापवायची, वर रुईची पानं अंथरायची आणि त्यावर टाच ठेवून शेक घ्यायचा. आमच्या वाड्यात सगळ्या बायका हेच करायच्या. रात्री कोकम तेल लावून काशाच्या वाटीने तळपाय घासा, झोपही छान लागते.

सातपूरवाला
टाचेचं दुखणं आमच्या प्लांटमध्ये घरटी एक आहे. आठ-आठ तास काँक्रीटवर उभं राहायचं, वर पोलादी टोपीचे सेफ्टी शूज. मला हाडांच्या डॉक्टरांनी पोटरीचे व्यायाम आणि बुटात घालायला सिलिकॉनची टाच दिली. इंजेक्शन घेतलं नाही. बरं व्हायला वेळ लागला, पण झालं. एक सांगतो, घरात गुळगुळीत टाइल्सवर अनवाणी फिरणं आधी बंद करा. मऊ स्लीपर घरातसुद्धा. आमच्या मातोश्री "घरात चप्पल?" म्हणून डोळे वटारायच्या, आता स्वतःच वापरतात.

मनमौजी
धागा उघडला तेव्हा वाटलं पाय कुणाचे धरायचे हे विचारलंय. महापालिकेत काम असेल तर आधी सांगा.

पायवाट
मूळची नाशिकरोडची, आता इंग्लंडात पोडियाट्रिस्ट म्हणून काम करते. मोठा प्रतिसाद आहे, चालवून घ्या.

पंचवटीकर काका, रागावू नका, पण ती वीट या बाईंच्या पायाखाली अजिबात नको. काशाच्या वाटीबद्दल तक्रार नाही, कातडी धड असेल तर खुशाल घासा. विटेचं तसं नाही. बरीच वर्षं साखर असलेल्या माणसाच्या तळव्याला चटका बसलेला कळेलच असं नाही. गरम पाण्याच्या पिशवीने, विटेने, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीने भाजलेले पाय मधुमेहींमध्ये नेहमी दिसतात. पेशंट सांगतो, "दुखलं नाही हो, सकाळी फोड दिसला."

बिब्बा आणि कॉर्न कॅप दोन्ही बाद. बिब्ब्याच्या तेलाने कातडी पोळते हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. ते कुरुपाची जाड कातडी मऊ करतं तशी शेजारची चांगली कातडीही खातं. तरण्या, निरोगी पायाला एखादवेळी चालून जातं. साखरवाल्या पायात तिथे जखम होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही.

आता टाच. तुम्ही लिहिलंय त्यावरून प्लांटर फॅसायटिस असावं, पाय न बघता खात्री देत नाही. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात धनुष्याच्या दोरीसारखा एक जाड पट्टा असतो. टाचेजवळ जिथे तो हाडाला चिकटतो तिथे दुखतं. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, सकाळी पहिल्या पावलाला पट्टा एकदम ताणला जातो, म्हणून पहिली चार पावलं. एक्स-रेतल्या वाढलेल्या हाडाला बिचाऱ्याला उगाच बदनाम केलंय. तसं हाड असलेल्या कितीतरी लोकांची टाच कधीच दुखत नाही, आणि दुखणं थांबल्यावरही ते हाड जागच्या जागीच असतं. त्यामुळे "हाड काढून टाका" असं कुणी म्हणालं तर उठून या.

उठण्याआधी पलंगावर बसूनच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढायची, तळव्यात दोरी ताणलेली लागेपर्यंत. १० सेकंद धरायचं, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. जोडीला भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण. बहुतेक टाचा सहा महिने ते वर्षात शस्त्रक्रियेशिवाय बऱ्या होतात. हा काळ ऐकून लोक वैतागतात आणि इंजेक्शन मागतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने थोडे आठवडे आराम पडतो खरा, पण ते पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, क्वचित तो पट्टाच तुटतो. शिवाय त्याने साखर चढते.

पण ताई, मला टाचेपेक्षा कुरुपाची काळजी आहे. तीन गोष्टी विचारते. आईंच्या पायाला मुंग्या, जळजळ, बधिरपणा आहे का? चालताना चप्पल पायातून निसटली तर त्यांना कळतं का? कुरुपाच्या मध्यावर काळपट किंवा लालसर डाग आहे का?

गोदाकाठची_मुलगी
वाचून घाम फुटला. चप्पल निसटते! परवाच मेन रोडवर एक चप्पल मागे राहिली, ही तशीच दहा-बारा पावलं पुढे. मागून दुकानदाराने हाक मारली. आम्ही सगळे हसलो होतो. मुंग्या येतात, पण ती म्हणते वयामुळे. डाग बघून सांगते, पाय दाखवायलाही कुरकुर करते.

पायवाट
मग आईंच्या पायांतली संवेदना कमी झाली असण्याची दाट शक्यता आहे. अशा पायाचं कुरूप हे नुसतं कुरूप राहत नाही. जाड कातडी आत खड्यासारखी रुतते, दुखत नाही म्हणून माणूस त्यावरच चालत राहतो आणि खाली जखम तयार होते. डाग म्हणजे आत रक्त साकळलेलं.

नाशकात पोडियाट्रिस्टची पाटी शोधत बसू नका. ब्रिटनमध्ये हे नाव कायद्याने राखीव आहे, नोंदणी असल्याशिवाय लावता येत नाही. अमेरिकेत तर वैद्यकीय पदवीसारखा चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे, पुढे रेसिडेन्सी, आणि ते लोक शस्त्रक्रियाही करतात. भारतात हा वेगळा पेशा म्हणून अजून रुजलेला नाही, इथे डायबेटिक फूट क्लिनिक असतात. ती मधुमेहतज्ज्ञ किंवा सर्जन चालवतात आणि तुम्हाला तिथेच जायचंय. फोनवर एवढंच विचारा : पायाच्या संवेदनेची तपासणी होते का, आणि घट्टे तासून देता का. दोन्हीला हो म्हणाले तर अपॉइंटमेंट घ्या. तोवर अनवाणी एक पाऊलही नाही, देवघरातसुद्धा.

खवचट_खान
म्हणजे तिकडे नखं कापायलासुद्धा डॉक्टर लागतो! आपल्या आज्या अनवाणी गड चढल्या, शेतात राबल्या, त्यांना कुठे फॅसायटिस होता? बूटवाल्यांचे आणि डॉक्टरांचे धंदे आहेत सगळे.

सातपूरवाला
आज्यांना होत असणारच. त्या बोलायच्या नाहीत आणि आपण विचारायचो नाही.

निफाडची_थंडी
खान साहेब, अनवाणी शेतात राबलेल्या आज्यांच्या टाचा बघितल्यात का कधी? आमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीपासून काढणीपर्यंत बायका बागेत असतात, सगळा थंडीचा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कुठे जातो ते पेपरात वाचताच. टाचांना अशा भेगा पडतात की लुगड्याचा काठ अडकतो, रक्त येतं, कुणी त्यात मेण वितळवून भरतं. माझ्या सासूबाई दरवर्षी थंडीत जळवाताने लंगडायच्या.

एका त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलेलं आमच्या घरात लागू पडलं : पाय कोमट पाण्यात थोडा वेळ, मग ओलसर असतानाच युरिया असलेलं मलम, वर सुती मोजे घालून झोपायचं. ब्लेडने कातडी कापायची नाही. कोकम तेलही चांगलंच, फक्त कोरड्या टाचेवर थापून उपयोग नाही, आधी ओलावा हवा. आणि मागून उघडी चप्पल वापरली की टाचेची कातडी बाजूला पसरते आणि भेग आणखी उलते, हे मला आधी माहीतच नव्हतं. थंडीपुरते बंद बूट घ्या.

पायवाट
+१. फक्त बोटांच्या बेचक्यांत मलम नको, तिथे ओल राहिली की बुरशी होते. आणि मधुमेह असेल तर पाय भिजवत ठेवू नका, नुसते धुवा. पाणी किती गरम आहे ते पायाने बघायचं नाही, कोपराने बघायचं.

खान साहेब, नखांचं म्हणाल तर ब्रिटनच्या सरकारी सेवेत निव्वळ नखं कापून घ्यायला धडधाकट माणसाला सहसा जागा मिळत नाही, त्यांनी खासगीत जावं. सरकारी वेळ जातो तो बधिर आणि रक्तपुरवठा कमी असलेल्या पायांवर. मधुमेहीच्या पायाला जखम झाली तर एका कामाच्या दिवसात ती पायांच्या टीमकडे पोचली पाहिजे, असा तिथला दंडक आहे. एका दिवसात, कारण उशीर झाला की पाय जातो.

आणि बधिर पायाचं शास्त्र काही तिकडून आलेलं नाही बरं का. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना दाखवलं की बोटं "झडत" नाहीत, वेदना कळत नसल्याने त्याच त्याच जागी मार बसून जखमा होतात. इथे मधुमेह्यांना देतात ती मऊ तळव्याची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल त्याच कामातून आलीय.

घोटीचा_डॉक्टर
इगतपुरी-त्र्यंबककडच्या पेशंटांबद्दल थोडं लिहितो, कारण इथे सगळे शहरी टाचांवर बोलतायत. भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात सर्वात जास्त, कारण तिथे हवाच जात नाही. पांढरी फुगलेली कातडी, वास, खाज. औषध साधं आहे : घरी आल्यावर पाय स्वच्छ धुऊन बेचक्या कोरड्या पुसणे आणि बुरशीवरचं साधं मलम, बरं वाटल्यावरही काही दिवस लावत राहणे.

पण पेशंट माझ्याकडे येतो तोवर त्याने दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावलेली असते. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. आत बुरशी मोकाट पसरते, आणि मग ती साध्या मलमाला दाद देत नाही. ट्यूबवर तीन-तीन औषधांची नावं दिसली की ती परत ठेवा. साखर असलेल्याला चिखल्या झाल्या तर दुर्लक्ष नको, त्या चिरेतून जंतू आत जातात आणि एका रात्रीत पाय सुजतो.

दुसरं, पाय अचानक लाल, गरम, सुजलेला, पण दुखत नाही असं झालं तर लोक "मुरगळला असेल" म्हणून मालिश करून घेतात. मधुमेहीमध्ये हा शार्को फूट असू शकतो. आतली हाडं मोडत असतात आणि माणूस त्यावर चालत असतो. मालिश बंद, चालणं बंद, त्याच दिवशी डॉक्टर.

टीवायचा_विद्यार्थी
मध्येच घुसतोय. अंगठ्याचं नख कडेने मांसात घुसलंय, पू येतो. मित्र म्हणतो मध्ये व्ही आकाराची खाच पाड म्हणजे नख आत ओढलं जातं.

पायवाट
खाच पाडून काहीही होत नाही, नख मुळापासून वाढतं, टोकाकडून नाही. कोपरे गोल कापायचे नाहीत, सरळ कापायचं. अरुंद टोकाचे बूट बंद. पू आहे म्हणजे सर्जनला दाखव. वारंवार होत असेल तर बोट बधिर करून नखाची फक्त घुसणारी पट्टी काढतात आणि तिच्या मुळाला फिनॉल लावतात, म्हणजे ती कड पुन्हा येत नाही. अख्खं नख उपटायची गरज सहसा नसते. नुसतं उपटलं तर नवीन नख बहुतेकदा तसंच पुन्हा घुसतं.

कृषीनगर_ट्रॅक
तळव्यावरचं ते कुरूप की चामखीळ, हे कसं ओळखायचं? माझ्याकडे एक आहे. कुरूप समजून कानस मारतोय, जातच नाही.

घोटीचा_डॉक्टर
वरून दाबल्यावर दुखतं ते बहुधा कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं ती चामखीळ. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि तळव्याच्या रेषा तिला वळसा घालून जातात. ती विषाणूमुळे होते, तेव्हा ती कानस घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका.

मनमौजी
कानस टाकून द्या हो कृषीनगर. बाकी धाग्याची वाचनखूण साठवली.

गोदाकाठची_मुलगी
सगळ्यांचे आभार, काल जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आईला डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक जाड केसासारखा धागा, १० ग्रॅमचा म्हणाले, तळव्याला एकेका जागी टेकवून तो वाकेपर्यंत दाबला. "लागलं की हो म्हणा." घोट्याजवळ हो आलं. टाचेवर हो आलं. चवड्यावर धागा वाकला, डॉक्टरांनी उचलला, पुन्हा टेकवला, आणि आई डोळे मिटून शांतपणे म्हणाली, "सुरू करा ना आता." मला तिथे बसवेना. मग अंगठ्यावर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क ठेवला, तोही कळला नाही. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला, तो ठीक आहे. रक्त पोचतंय, नसा कमजोर आहेत.

कुरूप सुरीने पातळ पातळ थर काढत तासलं. भूल नाही, दुखलं नाही, रद्दी कागदासारखे पापुद्रे निघत होते. मध्यावर डाग होताच, त्याच्याखाली डाळीएवढी ओली जखम निघाली. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात, अजून हाडापर्यंत गेलेली नाही. ड्रेसिंग, त्या जागेवर भार येऊ नये म्हणून फेल्टची चकती, एमसीआरची सॅंडल, आणि जखम भरेपर्यंत गरजेपुरतंच चालणं. कुरूप पुन्हा येणार हेही स्पष्ट सांगितलं, दाब कायम आहे तोवर येतच राहतं, म्हणून ठरावीक काळाने येऊन तासून घ्यायचं.

पालखीचं विचारल्यावर डॉक्टरांनी सरळ "यंदा पायी नाही" म्हणून सांगितलं. रिक्षात आई एक शब्द बोलली नाही. घरी येऊन मात्र माझ्यावर बरसली, पोर नसती तर बरं झालं असतं वगैरे. आता सातपूरला पालखी येईल तेव्हा गाडीने दर्शनाला न्यायचं ठरलंय, सॅंडल घालूनच. देवाला चपला चालत नाहीत म्हणाली तर तुमच्यापैकी कुणीतरी समजवायला या.

पंचवटीकर
ताई, बरं झालं वीट तापवली नाहीत. सॅंडलचं म्हणाल तर वारीत दिंड्यांबरोबर चालणारे बहुतेक वारकरी पायात काहीतरी घालूनच असतात. हवं तर फोनवर मी बोलतो आईंशी, माझं ऐकतील, मीही वारकरीच.

पायवाट
ताई, उत्तम केलंत. रोज रात्री तळवे बघायची सवय लावा. त्यांना वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, नाहीतर तुम्ही बघा. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची, आत हात फिरवायचा. खडा पायाला कळणार नाही, हाताला कळेल. नवी सॅंडल पहिल्या दिवशी थोडाच वेळ घालायची, मग काढून कुठे लाल झालंय का बघायचं. टाचेचे ताण चालू ठेवा, ते बसून होतात, जखमेवर भार येत नाही. भिंतीपाशी उभं राहून करायचे मात्र जखम भरेपर्यंत थांबवा.

खवचट_खान
ते चप्पल निसटायचं वाचून वडिलांना विचारलं. म्हणाले, "निसटते की, त्यात काय!" त्यांनाही साखर आहे. क्लिनिकच्या नावाचा व्यक्तिगत निरोप करा.

गोदाकाठची_मुलगी
केलाय. फाइल आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन जा, आणि त्यांच्या रोजच्या वापरातली चप्पल घालूनच न्या. डॉक्टर तिचा झिजलेला तळ बघतात, दाब कुठे पडतोय ते त्यावरून कळतं.

निफाडची_थंडी
एक शेवटचं. मुलगा चार वर्षांचा, तळवे सपाट आहेत. बुटाच्या दुकानात "कमानवाले" महागडे बूट घ्या म्हणून मागे लागलेत.

पायवाट
टाचा उचलून चवड्यांवर उभं करा. कमान दिसली आणि पाय दुखत नसतील तर काही करायचं नाही. या वयात बहुतेक मुलांचे तळवे सपाटच दिसतात, कमान हळूहळू वाढते. पाय ताठर असेल, दुखत असेल किंवा एकाच बाजूला असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बुटांचे पैसे वाचले, त्यात साधे, पुढून रुंद बूट घ्या. आणि संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो.